दार उतरले की आधी बिजागरी

व्हॅनचे पुढचे दार दोन बिजागऱ्यांवर तोललेले असते. वरची बिजागरी दाराला ओढून धरते, खालची रेटून धरते. दाराचे वजन 25 किलो, गुरुत्वमध्य बिजागरीपासून 45 सेंटिमीटरवर आणि दोन बिजागऱ्यांमधले अंतर 35 सेंटिमीटर धरले, तर वरच्या बिजागरीवरची ओढ सुमारे 32 किलो भरते. तेवढाच रेटा खालच्या बिजागरीवर येतो. चालकाने उतरताना दाराच्या टोकाला, म्हणजे 90 सेंटिमीटरवर, 20 किलोचा भार टाकला की हीच ओढ सुमारे 84 किलोंवर जाते. शाळेच्या आणि प्रवासी फेऱ्या करणाऱ्या गाडीत असे दिवसातून कित्येकदा घडते.

झीज दिसते त्याहून लहान असते. वरच्या बिजागरीत अर्ध्या मिलिमीटरचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला, तर एक मीटर रुंद दाराचे लॉककडचे टोक सुमारे दीड मिलिमीटर खाली येते. दोन्ही बिजागऱ्या तितक्याच झिजल्या, तर जवळजवळ तीन मिलिमीटर. एवढ्यावर लॉक स्ट्रायकरला, म्हणजे खांबावरच्या कडीला, घासू लागते, दार उचलून लावावे लागते आणि प्रवासी ते आपटू लागतात. आपटण्याने झीज वाढते, वाढलेल्या झिजेमुळे आणखी जोरात आपटावे लागते.

कोरपना तालुक्यात या झिजेला धुळीची साथ मिळते. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही आणि नारंडा येथील सिमेंट कारखान्यांमुळे चुनखडी आणि सिमेंटची वाहतूक या रस्त्यांवर सतत असते. राजुऱ्याकडे सास्ती, गोवरी, पवनीच्या कोळसा खाणी आहेत. दगडाची बारीक भुकटी बिजागरीतल्या ग्रीसमध्ये मिसळली की ते ग्रीस वंगण राहत नाही, पॉलिश पेपरसारखे काम करते. सिमेंटची धूळ आणखी त्रासदायक, कारण पावसाळ्याच्या ओलाव्यात ती पिनेभोवती घट्ट धरते. उन्हाळ्यात पारा 45 अंशांपुढे गेला की पातळ झालेले तेल ओघळून जाते आणि बीडिंगचे रबर कडक होते. बीडिंग फाटले की बंद दाराच्या फटीतूनही धूळ आत शिरते.

तपासणीपूर्वी दाराचा प्रकार ओळखावा. 1984 ते 2019 या काळात बनलेली मारुती ओम्नी आणि 2010 मध्ये आलेली ईको या गाड्यांची मधली दारे सरकती असतात. सरकते दार उतरले तर दोष रोलरमध्ये किंवा पट्टीत शोधावा. पुढची दारे मात्र बिजागरीचीच. काही रुग्णवाहिकांची आणि मालवाहू व्हॅनची मागची दुहेरी दारेही बिजागऱ्यांवर असतात; ती उंच असल्याने बिजागऱ्यांमधले अंतर जास्त आणि झिजेचा परिणाम तुलनेने कमी असतो.

निदानाची सुरुवात नजरेने करावी. गाडी सपाट जागी उभी करून बंद दाराभोवतीची फट पाहावी. वरची बिजागरी झिजली असेल तर दाराच्या पुढच्या कडेची फट वर रुंद आणि खाली अरुंद दिसते, आणि लॉककडचा खालचा कोपरा उंबऱ्याला टेकायला येतो. मग दार अगदी हळू उघडावे. लॉक सुटताच टोक खाली बसले, तर तोपर्यंत दाराचे वजन बिजागरीऐवजी स्ट्रायकर पेलत होता असे समजावे.

यानंतरची चाचणी सर्वात महत्त्वाची, आणि तिला दोन माणसे लागतात. दार अर्धे उघडून एकाने लॉककडचे टोक खालून उचलावे व सोडावे. दुसऱ्याने प्रत्येक बिजागरीच्या सांध्यावर बोट ठेवून हालचाल कुठे होते ते पाहावे. पिन आपल्या भोकात हलली, तर झीज पिन आणि बुशमध्ये आहे. सांधा घट्ट, पण बिजागरीचे पाते पत्र्यावर सरकते, तर बोल्ट ढिले आहेत. पाते पत्र्यासह हलते, तर खांबाचा किंवा दाराचा पत्रा तडकला आहे किंवा आतून गंजला आहे. तेथे नवी बिजागरी बसवून उपयोग नाही, आधी पत्र्याचे काम करावे लागते. कुठेच हालचाल नसेल, तर स्ट्रायकर काढून दार अलगद लावून पाहावे. ते आपल्या जागी सरळ बसले तर दोष लॉकचा किंवा स्ट्रायकरचा; वाकडे बसले तर बिजागरी किंवा खांब कधीतरी वाकलेला आहे. सांध्याखाली साचलेली तांबूस भुकटी ही कोरड्या झिजेची आणि गंजाची खूण होय.

दार एका मर्यादेपलीकडे उघडू न देणारा चेकही याच वेळी तपासावा. त्याची पिन तुटलेली असेल तर वाऱ्याने दार पुढच्या पत्र्यावर आदळते आणि बिजागरी वाकते. चेक तसाच ठेवून बदललेली बिजागरी फार काळ टिकत नाही.

गॅरेजमध्ये सर्रास होणारी चूक म्हणजे उतरलेल्या दारासाठी स्ट्रायकर खाली सरकवणे. दार त्या दिवशी लागते, पण झीज तशीच राहते आणि काही महिन्यांत स्ट्रायकर सरकवायला जागा उरत नाही. बिजागरीत लाकूड अडकवून दार दाबणे, पिनेच्या जागी खिळा घालणे, ढिली पिन वेल्डिंगने चिकटवणे हे त्याच जातीचे उपाय. बिजागरी अपघातात दार धरून ठेवणारा भाग आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियम क्रमांक 11 नुसार दाराच्या बिजागऱ्यांनी मिळून लांबीच्या दिशेने 11,000 न्यूटन आणि आडव्या दिशेने 9,000 न्यूटन भार सोसणे अपेक्षित आहे. म्हणजे अनुक्रमे सुमारे 1,120 आणि 920 किलोंचा. खिळ्याकडून ही अपेक्षा करता येत नाही.

पिन-बुश वेगळे मिळत असतील आणि सांध्याचे भोक गोल असेल, तर तेवढेच बदलणे पुरेसे. भोक लंबगोल झाले असेल तर नवे बुश ढिले बसते. अशा वेळी पूर्ण बिजागरी बदलावी. जुनी पिन काढण्यापूर्वी तिचे डोके वर होते की खाली, हे टिपून ठेवावे. बिजागरी खांबाला वेल्डिंगने जोडलेली असेल तर ते काम अनुभवी डेंटरकडे द्यावे, आणि वेल्डिंगपूर्वी बॅटरीची जोडणी काढावी.

बोल्टची बिजागरी बदलताना एका वेळी एकच काढावी. दुसरी जागेवर राहिली तर दाराची जुळणी हरवत नाही. शिवाय ज्या गाड्यांत खांबाच्या आत आटे पाडलेली सुटी पट्टी असते, तेथे ती आत घसरून पडण्याचा धोकाही टळतो. आदल्या संध्याकाळी बोल्टवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. दाराखाली जॅक, त्यावर लाकूड आणि कापड ठेवून वजन उचलून धरावे. पात्याची कडा रंगावर आखून घ्यावी, चेकची पिन काढावी आणि दारातल्या वायरींना ताण बसत नाही हे पाहावे. बोल्टच्या डोक्यात नेमका बसणाराच पाना वापरावा. गॅसच्या ज्योतीने बोल्ट तापवल्यास रंग, वायरी आणि बीडिंग जळते.

उघडा पडलेला पत्रा घासून प्रायमर लावावा. नवी बिजागरी आखणीवर ठेवून बोल्ट हाताने लावावेत. जुन्या बोल्टच्या डोक्यावर 8.8 ही खूण असेल, तर बाजारातला साधा बोल्ट तेथे चालत नाही. मग दुसरी बिजागरी तशीच बदलावी. जॅक किंचित वर-खाली करून चहूबाजूंची फट सारखी करावी, बोल्ट आळीपाळीने आवळावेत आणि कंपनीने दिलेल्या मापाचा शेवटचा ताण टॉर्क पान्याने द्यावा. स्ट्रायकर सर्वात शेवटी जुळवावा: दार न उचलता, न आपटता लागले पाहिजे आणि लॉक सुटल्यावर टोक जागचे हलता कामा नये.

देखभाल स्वस्त आहे. सांधा आधी पुसून स्वच्छ करावा, मग पातळ वंगण पिनेत मुरवून वरचे पुसून टाकावे. धुळीच्या रस्त्यावर बाहेर थापलेले जाड ग्रीस धूळच धरते. हे काम पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा तरी व्हावे.

व्यावसायिक गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. मधल्या काळात गाडी पाहतो तो गॅरेजचा मिस्त्री. ब्रेकसाठी आलेल्या प्रत्येक व्हॅनचे दार त्याने एकदा उचलून पाहावे. या तपासणीला दोन मिनिटे लागतात, आणि त्या दाराला टेकून रोज शाळेत जाणारी मुले बसलेली असतात.