विश्लेषण : दिल्लीहून अल्माटी बंगळूरुपेक्षा जवळ, मग विमानाचा प्रवास का लांबला?

दिल्ली ते बंगळूरु हे हवाई अंतर सुमारे १७०० किलोमीटर. कझाकस्तानातील अल्माटी दिल्लीपासून सरळ रेषेत सुमारे १६५० किलोमीटरवर आहे. तरीही एप्रिल २०२५च्या अखेरीस इंडिगोला अल्माटी आणि ताश्कंदची दिल्लीहून होणारी सेवा स्थगित करावी लागली. तिच्या ताफ्यातील विमानांच्या पल्ल्यात ही शहरे राहिली नाहीत, असे कंपनीने सांगितले. अंतर तेच असताना पल्ला कसा कमी पडला?

नेमके काय घडले?

पहलगाम येथील २२ एप्रिलच्या दहशतवादी हल्ल्यानंतर भारताने कठोर निर्णय जाहीर केले. त्यावर पाकिस्तानने २४ एप्रिलला भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली. भारतानेही ३० एप्रिलला तसेच पाऊल उचलले. बंदीची मुदत पुढे महिन्यामहिन्याने वाढत गेली. १९४४च्या शिकागो करारानुसार प्रत्येक देशाचे आपल्या हवाई हद्दीवर पूर्ण सार्वभौमत्व असते.

थेट उत्तरेकडून का जात नाहीत?

नकाशावर अल्माटी दिल्लीच्या जवळपास थेट उत्तरेला आहे. मात्र मध्ये हिमालय, काराकोरम आणि तिबेटचे पठार आहे. केबिनमधील हवेचा दाब अचानक घटला, तर विमान तातडीने सुमारे १० हजार फुटांपर्यंत खाली आणावे लागते. प्रवाशांसाठीचा प्राणवायू मर्यादित काळच पुरतो. जिथे डोंगरच २० हजार फुटांहून उंच, तिथे खाली उतरणार कुठे? म्हणून नेहमीचा मार्ग पाकिस्तानवरून जात असे. तो बंद झाल्यावर उरतो तो अरबी समुद्रावरून इराण आणि मग मध्य आशिया असा वळसा. त्यात अंतर दुपटीहून अधिक होते.

फटका कोणाला?

सर्वाधिक फटका दिल्लीसह उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना बसला. मुंबईहून आखाताकडे जाणारी विमाने मुळातच अरबी समुद्रावरून जात असल्याने त्यांना झळ कमी. एअर इंडियाच्या उत्तर अमेरिकेच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला थांबावे लागले. १ सप्टेंबर २०२५पासून कंपनीने दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली. विमानांची कमतरता आणि ही बंदी अशी दोन कारणे तिने दिली.

तिकिटावर परिणाम का होतो?

जादा तास म्हणजे जादा इंधन, आणि इंधनाचे वजन वाढले की प्रवासी किंवा माल कमी घ्यावा लागतो. वैमानिकांच्या कामाच्या तासांवर मर्यादा असल्याने कर्मचारीही जास्त लागतात. शिवाय विमान उशिरा परतल्याने पुढची फेरी अडते. बालाकोटनंतर २०१९मध्ये पाकिस्तानी हवाई हद्द सुमारे पाच महिने बंद होती, तेव्हा एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा भुर्दंड बसल्याचे सरकारने संसदेत सांगितले होते.

परदेशी कंपन्यांचे काय?

यावेळची बंदी फक्त भारतीय कंपन्यांसाठी आहे. त्यामुळे दिल्लीहून युरोपला जाणारी परदेशी विमाने जवळचा मार्ग वापरू शकतात. त्याच दोन शहरांसाठी भारतीय कंपनीला जास्त वेळ आणि जास्त खर्च लागतो. दिल्लीला आंतरराष्ट्रीय प्रवासाचे मोठे केंद्र बनवू पाहणाऱ्या भारतीय कंपन्यांसमोरची खरी अडचण हीच आहे. पाकिस्तानलाही हवाई हद्दीच्या वापराच्या शुल्कावर पाणी सोडावे लागते. पण हा निर्णय केवळ हिशेबावर ठरत नाही. तोपर्यंत प्रवाशांनी तिकीट काढताना शहरांतील अंतर नव्हे, तर प्रवासाची प्रत्यक्ष वेळ आणि मधला थांबा पाहणेच शहाणपणाचे.