सौवीरकाची गोष्ट

आमचा भाचा जर्मनींत लायप्झिग शहरीं नोकरीस आहे, हें आमच्या नेहमीच्या वाचकांस ठाऊक आहेच. गेल्या महिन्यांत त्यानें तेथील ‘गोझे’ नांवाची जुन्या पद्धतीची बिअर चाखली व फोनवर आपली निराशा आम्हांस कळविली. (त्यानें ती चाखावी कीं नाहीं, हा निराळ्या लेखाचा विषय आहे.) गोस्लार गांवच्या गोझे नदीवरून तिचें नांव पडलें; जव-गव्हाच्या या आंबट पेयांत मीठ व धने घालतात. १९६६ सालीं ती तयार होणें बंद पडलें आणि वीसएक वर्षांनीं पुन्हां सुरू झालें. भाचा म्हणाला, “मामा, आंबट ताकांत धने-मीठ घालून वर सोडा ओतावा, तशी लागली. एवढ्या इतिहासाला ही चव?”

आम्हांस हसूं आलें, आणि तेंच आम्हांस भोंवलें. जवाचें आंबवलेलें पेय आपल्याकडेही आहे, हें दाखविण्याची आम्हांस हुक्की आली. भावमिश्राच्या ‘भावप्रकाशां’त कोंडा काढलेल्या जवाचें तें सौवीर व कोंड्यासह भरडलेल्या जवाचें तें तुषोदक, असें स्पष्ट सांगितलें आहे. ग्रहणी व अर्श यांवर सौवीर गुणकारी म्हटलें आहे. धान्य कळलें, गुण कळले. पाणी किती व दिवस किती, हें त्या ओळींत नाहीं. आम्हीं अंदाजानें जव भिजवून बरणींत भरले. दह्यासारखे अपवाद वगळतां आंबलेले पदार्थ मनूनें वर्ज्य सांगितले आहेत, याची आठवण देऊन कुटुंबानें बरणी स्वयंपाकघराबाहेर ठेवविली. श्लोक आम्हींच कधीं काळीं शिकविला होता!

वैशाखांतलें जळगांवचें ऊन; चौथ्याच दिवशीं बरणी बोलूं लागली. चव घेतली. आधीं आंबट, मग भिजल्या गोणपाटाचा वास, आणि शेवटीं घशाशीं कडवटपणा. तरीही हार मानवेना. बाटली भरून एस.टी.नें धुळ्यास वडील भगिनींकडे निघालों. पारोळ्यापाशीं बुचानें जागा सोडली आणि शेजारच्या गृहस्थांनीं आमच्याकडे ज्या दृष्टीनें पाहिलें, ती आमच्या चाळीस वर्षांच्या मास्तरकीस शोभणारी नव्हती.

ताईंचें वय चौऱ्याऐंशी. उरलेला घोट जिभेवर ठेवून त्या म्हणाल्या, “बिघडलंय, असं कसं सांगूं? चांगलं कसं असतं, तें मला तरी कुठं ठाऊक आहे?”

आम्ही निरुत्तर झालों. लायप्झिगास ती बिअर पुन्हां करतांना, पूर्वीं ती प्यालेल्या म्हाताऱ्यांस चव विचारतां आली. आमच्या सौवीराची साक्ष देणारी जीभ आज कोठून आणावी? कदाचित् आमचें पेय अगदीं बरोबरच उतरलें असेल, आणि तें अधिकच वाईट!

“आईची ज्वारीची आंबील विचार,” ताई म्हणाल्या, “ती मला येते. घरांत आतां कुणी करत नाहीं.” आम्हीं खिशांतून वही काढली. पीठ किती, विचारतां म्हणाल्या, “पसाभर.” कुणाचा पसा? “आईचा.” त्यांनीं ओंजळ पुढें केली. आम्हीं पीठ मागविलें, त्यांच्या ओंजळींत ओतलें व वाटीनें मोजूं लागलों.