फसवून घेतलेला शब्द



गेल्या अंकातील पत्रलेखक म्हणतात, फसवून घेतलेला शब्द पाळायची गरज नाही. वर बायबलचा आधार देतात. यहोशवाचा नववा अध्याय त्यांच्या नजरेतून सुटलेला दिसतो. बुरशी आलेल्या भाकरी आणि ठिगळाची पायताणे दाखवून गिबोनी लोकांनी आपण दूरदेशीचे असल्याची बतावणी केली आणि इस्राएलांकडून अभयाचा करार पदरात पाडून घेतला. तीन दिवसांत बिंग फुटले. इस्राएली लोक चिडले, तरी त्यांचा नेता यहोशवा याने शब्द मोडला नाही. (गिबोनींना पाणके नि लाकूडतोडे करून ठेवले, हेही खरे.) पुढे शौल राजाने त्यांची कत्तल केली. दावीदाच्या काळी तीन वर्षे दुष्काळ पडला, त्याचे कारण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात हेच दिले आहे.

आम्हा भिलाईकरांना इतके लांब जायला नको. आमच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहऱ्यात १९७७ च्या पावसाळ्याच्या तोंडावर खाणमजुरांना झोपडी शाकारायला १०० रुपये द्यायचे ठरले. ठेकेदारांनी हात वर केले. जूनच्या सुरुवातीला आंदोलक मजुरांवरील पोलिसांच्या गोळीबारात ११ जीव गेले. मजुरांनी तर कुणाला शिळी भाकरीही दाखवली नव्हती. पत्रलेखकांची सवलत त्या ठेकेदारांना कशी लागू होते, तेवढे त्यांनी कळवावे.

— एक वाचक, सेक्टर ६, भिलाई