विलायतेचे धर्मपीठ आणि आमचे मौन

ब्रिटनच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, आजही सव्वीस बिशपांची आसने राखीव आहेत. त्यांना जनतेने निवडून दिलेले नसते. त्यांची विद्वत्ता वा लोकसेवा पारखून कोणी त्यांना तेथे पाठविलेलेही नसते. ते अँग्लिकन धर्मपीठाचे अधिकारी आहेत, एवढीच त्यांची पात्रता. कँटरबरी आणि यॉर्क येथील आर्चबिशप, तसेच लंडन, डरहॅम व विंचेस्टरचे बिशप हे पाच जण आपल्या गादीमुळे आणि उरलेले एकवीस मुख्यत्वे सेवाज्येष्ठतेने कायदे करावयास बसतात. १९९९ साली बहुतेक वंशपरंपरागत सरदारांना त्या सभागृहातून निरोप मिळाला. बिशपांच्या बाकाला मात्र कोणी हात लावला नाही. राजधर्म म्हणून या धर्मपीठाचा अधिकार इंग्लंडपुरताच आहे. तरीही स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंड यांना लागू होणाऱ्या कायद्यांवरही हे बिशप मतदान करतात.

२०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःस ख्रिस्ती म्हणविणारे ४६.२ टक्के निघाले. दहा वर्षांपूर्वी ते ५९.३ टक्के होते. कोणताच धर्म नाही असे लिहिणारे ३७.२ टक्के. आम्ही बौद्ध अवघे अर्धा टक्का. अर्धा टक्क्याने या विषयात तोंड घालावे काय, असा प्रश्न आमच्यातीलच काही ज्येष्ठ उपासक करतात. या देशाने आम्हांला भाकरी दिली, मुलांना विद्या दिली, जात न विचारता घर दिले. पाहुण्याने यजमानाच्या देवघरात डोकावू नये, असा त्यांचा विचार.

या विचारामागील कृतज्ञता आम्हांस मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. ख्रिस्ती माणसाशी आमचे भांडण नाही. महात्मा जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, हे विसरणारे आम्ही नव्हेत. परंतु जो कर भरतो, मतदान करतो, ज्याची मुले याच भूमीवर जन्मली, तो पाहुणा कसा? आणि संसद हे देवघर केव्हापासून झाले?

खरे तर संसदेला देवघर समजण्याची सवय या देशालाच फार जुनी. कॅथलिकांना संसदेची दारे १८२९ साली उघडली. लायोनेल डी रॉथशिल्ड हे ज्यू गृहस्थ १८४७ साली निवडून आले, परंतु ख्रिस्ती शपथेच्या अडसरामुळे प्रत्यक्ष आसनावर बसावयास १८५८ उजाडले. नॉर्थॅम्प्टनचे नास्तिक प्रतिनिधी चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० साली निवडून आले. शपथेच्या वादात त्यांना आसन नाकारण्यात आले, एकदा तर अटकेतही ठेवण्यात आले. मतदार त्यांना पुनःपुन्हा निवडून देत राहिले आणि १८८६ साली ते अखेर स्थानापन्न झाले. ईश्वराचे नाव न घेता प्रतिज्ञा करण्याचा हक्क सर्वांना देणारा १८८८ चा कायदा त्यांच्याच खटपटीचे फळ होय. दुसऱ्याच वर्षी हे ब्रॅडलॉ मुंबईच्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनास आले होते. आज एखादा बौद्ध किंवा निरीश्वरवादी सभासद येथे मानाने प्रतिज्ञा घेतो, तो त्या लढ्यामुळे. कोणा बिशपाच्या औदार्यामुळे नव्हे.

अवशेष मात्र अजून उरले आहेत. दोन्ही सभागृहांचे कामकाज अँग्लिकन प्रार्थनेने सुरू होते. कनिष्ठ सभागृहात साडेसहाशे सभासदांना बसावयास जागा सुमारे सव्वाचारशे. त्यामुळे जो प्रार्थनेस हजर राहील त्याला त्या दिवसापुरती जागा राखून ठेवता येते. ईशस्तवनाच्या बदल्यात बाकावरची जागा, असा हा व्यवहार! आमच्याकडील देवळांतही एवढा रोखठोक सौदा क्वचितच आढळेल.

याहून गंभीर इतिहास धर्मनिंदेच्या कायद्याचा आहे. परमपूज्य बाबासाहेब १९२० साली पुन्हा लंडनला आले व अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरीच्या अभ्यासात गढून गेले. ते येथे असतानाच, डिसेंबर १९२१ मध्ये, जॉन विल्यम गॉट या इसमास येशूची टवाळी करणाऱ्या पुस्तिकांबद्दल नऊ महिने सक्तमजुरी झाली. हा कायदा केवळ ख्रिस्ती धर्माचे, त्यातही मुख्यतः अँग्लिकन मताचे रक्षण करीत असे. १९७७ साली याच गुन्ह्याखाली एका नियतकालिकाच्या संपादकास शिक्षा झाली. इस्लामला हे संरक्षण लागू नाही, असे न्यायालयाने १९९० च्या सुमारास स्पष्ट सांगितले. कायदा रद्द झाला तो २००८ साली, आणि तोही इंग्लंड व वेल्सपुरता. गंमत अशी की, याच राज्यकर्त्यांनी हिंदुस्थानासाठी १८६० साली जी दंडसंहिता केली, तीत धर्मविषयक गुन्ह्यांची कलमे सर्व धर्मांना सारखी लावली. वसाहतीत त्यांना समदृष्टी सुचली. घरी ती सुचावयास आणखी जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

ज्या समाजाने २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली आणि ज्याला १९८७ साली ‘रिडल्स’च्या प्रकाशनावरून उठलेले वादळ आठवते, त्या समाजाला एका धर्माच्या दुखावलेल्या भावना कायद्याच्या आसनावर बसल्या म्हणजे काय होते, हे निराळे समजावून सांगावे लागू नये.

आता आमच्या घरात शिरणारा प्रश्न. १९४४ च्या शिक्षण कायद्याने शाळांत दररोज सामूहिक उपासना सक्तीची केली. १९८८ च्या कायद्याने ती उपासना प्राधान्याने ख्रिस्ती वळणाचीच असावी, असे घालून दिले, आणि इंग्लंडच्या सरकारी खर्चाच्या शाळांवर हे बंधन आजही आहे. अनेक शाळा ते पाळीत नाहीत, ही गोष्ट खरी. परंतु न पाळला जाणारा कायदा हाही कायदाच असतो आणि एखादा उत्साही मुख्याध्यापक आला की तो जागा होतो. पालकांना मुलास त्यातून काढून घेण्याचा अधिकार आहे, म्हणून सक्ती कोठे उरली, असे विचारले जाते. सक्ती अशी उरली की, सात वर्षांच्या मुलाने वर्गातील तीस सोबत्यांपासून उठून एकट्याने वाचनालयात जाऊन बसावयाचे. वेगळे बसविले जाणे म्हणजे काय, हे आमच्या आजोबांना ठाऊक होते. येथे त्यामागे द्वेष नाही, अस्पृश्यता नाही, ही तुलना आम्ही ताणू इच्छित नाही; परंतु मुलाला कारण कळत नाही, त्याला फक्त आपले वेगळेपण कळते.

या ठिकाणी भारतीय संविधानाचे २८ वे कलम अवश्य वाचावे. पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण नाहीच. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत ते असले तरी विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीवाचून त्याला धार्मिक शिक्षणास वा उपासनेस बसविता येत नाही. भेद बारीक दिसतो, पण सारे काही त्यात आहे. तेथे होकार मिळेपर्यंत मूल मोकळे. येथे नकार पोहोचेपर्यंत मूल बांधलेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उत्तर आयर्लंडमधील शाळांच्या संदर्भात हेच ओळखले: तेथील ख्रिस्ती धर्मशिक्षण व उपासना वस्तुनिष्ठ आणि बहुविध दृष्टीची नाही, आणि मुलास काढून घेण्याच्या सवलतीने तो दोष धुतला जात नाही, कारण त्या सवलतीचे ओझे कुटुंबावरच पडते. बाबासाहेबांच्या मसुदा समितीला जे १९४९ पूर्वी उमगले, ते येथे न्यायालयातून यावे लागले.

इंग्लंडमधील सरकारी खर्चाच्या शाळांपैकी सुमारे एक तृतीयांश शाळा धर्मसंस्थांच्या आहेत, आणि त्यांतील बहुतेक अँग्लिकन किंवा कॅथलिक. अर्ज जागांपेक्षा अधिक आले तर अशा शाळेला धर्म पाहून प्रवेश देण्याची मुभा २०१० च्या समता कायद्यानेच दिली आहे. मग चांगल्या शाळेसाठी रविवारी चर्चमध्ये हजेरी लावणारी कुटुंबे निपजतात. आमच्यातही ‘पाण्याचे चार थेंब डोक्यावर पडल्याने काय बिघडते?’ असे हळूच विचारणारे आहेत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांनी हा प्रश्न आम्हांला विचारू नये. मात्र दोष केवळ त्या पालकाचा नाही. कर सर्वांकडून घेऊन प्रवेश धर्मावर देणारी व्यवस्थाच माणसाला खोटे बोलावयास शिकविते.

बिशपांच्या बाजूने दोन गोष्टी सांगितल्या जातात. २०१२ साली गरीब कुटुंबांच्या भत्त्यांवर मर्यादा आली, तेव्हा मुलांचा भत्ता तीतून वगळावा म्हणून बिशपच पुढे आले. ते खरे आहे आणि अभिनंदनीय आहे. दुसरी गोष्ट आमच्या जिव्हाळ्याची. २०१३ साली जातीवर आधारित भेदभाव समता कायद्यात आणण्याची दुरुस्ती लॉर्ड्समध्ये मांडली ती लॉर्ड हॅरीस यांनी, आणि ते ऑक्सफर्डचे माजी बिशप. त्यांचे ऋण मोठे आहे. पण नीट पाहावे: त्या दिवशी ते बिशपांच्या बाकावर नव्हते. बिशपपदावरून निवृत्त झाल्यावर व्यक्तिशः नेमले गेलेले स्वतंत्र सभासद म्हणून ते बोलत होते. त्यांच्याआधी २०१० साली याच प्रश्नासाठी झटणारे लॉर्ड एव्हबरी तर बौद्ध होते. त्यांना कोणत्याही धर्मपीठाने पाठविले नव्हते. सज्जन माणूस सभागृहात यावा, यासाठी धर्मासनाची गरज नसते.

‘मग सर्वच धर्मांना आसने द्या, एक बौद्ध भिक्खूही बसू द्या,’ अशी मागणी अधूनमधून होते. २००० साली वेकहॅम आयोगाने बिगर-ख्रिस्ती धर्मांच्या किमान पाच प्रतिनिधींची शिफारस केलीच होती. ही मागणी ऐकावयास गोड, परिणामी घातक आहे. संसदेने २०१३ साली जातीविषयक तरतूद करण्याचे बंधन सरकारवर घातले. त्याविरुद्ध येथील अनेक हिंदू संघटनांनी मोहीम चालविली आणि जुलै २०१८ मध्ये सरकारने कायदा न करता न्यायालयीन निवाड्यांवर भिस्त ठेवण्याचे जाहीर केले. ज्यांनी बाहेर राहून एवढे साधले, त्यांच्या धर्मगुरूंना संसदेत कायमचे आसन दिल्यावर जातीचा कायदा कोण आणील? आमच्या एका भिक्खूचे मत त्यांना पुरे पडेल काय? आणि तो भिक्खू निवडणार कोण, थेरवादी की महायानी, कोलंबोचा की नागपूरचा?

शेवटी आमच्याच अंगणातील गोष्ट. बुद्धगयेच्या महाविहारावर १९४९ च्या कायद्याने चार बौद्ध व चार हिंदू सभासदांची समिती बसविली, आणि तिचा अध्यक्ष बिगर-हिंदू असू शकेल ही दुरुस्ती व्हावयास २०१३ साल उजाडले. त्याविरुद्ध २०२५ साली तेथे भिक्खू उपोषणाला बसले, तेव्हा परदेशातील बौद्धांनीही आवाज उठविला. धर्माच्या नावावर राज्याने आसने राखून ठेवू नयेत, हे बुद्धगयेत खरे असेल तर वेस्टमिन्स्टरमध्येही खरे आहे. आयर्लंडमध्ये १८७१ साली आणि वेल्समध्ये १९२० साली अँग्लिकन धर्मपीठाचे राजपद गेले. तेथील चर्चे त्यामुळे ओस पडली नाहीत, घंटा अजून वाजतात.

आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीस, तो कोणत्याही पक्षाचा असो, बिशपांच्या आसनांविषयी आणि २०१३ च्या त्या तरतुदीविषयी लेखी विचारावे. सही सर्व कुटुंबाने करावी. इंग्लंडच्या शाळेतील सामूहिक उपासनेतून मुलास मोकळे करावयाचे असल्यास मुख्याध्यापकांना दोन ओळींचे पत्र पुरते. कारण सांगणे कायद्याने आवश्यक नाही. त्या वेळात मूल कोठे बसेल आणि काय करील, हे त्याच पत्रात विचारून घ्यावे.