आठ दिवसांचे मिशन

मार्च महिना उजाडला की अमेरिकेतील महाविद्यालयांना आठवडाभराची वसंत सुट्टी लागते. कोणी समुद्रकिनारा गाठतात, कोणी घरी जातात. आणि विद्यापीठालगतच्या एखाद्या चर्चच्या विद्यार्थिमंडळातील दहा-पंधरा मुलेमुली एकाच रंगाचे सदरे अंगात घालून मेक्सिकोच्या, ग्वाटेमालाच्या किंवा होंडुरासच्या विमानात चढतात. तिकडे यास अल्पमुदतीचे मिशन म्हणतात. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले-नातवंडे त्या विद्यापीठांत शिकत आहेत. त्यांना वसतिगृहातील सोबत्याने अशा यात्रेचे आमंत्रण दिले, किंवा तिच्यासाठी वर्गणी मागितली, तर त्यात नवल वाटण्याजोगे काही नाही. तेव्हा ही प्रथा आहे तरी काय, हे जरा निरखून पाहावे असे आम्हांस वाटले.

तयारी हिवाळ्यापूर्वीच सुरू होते. माणशी हजार-दीड हजार डॉलर, कधी त्याहूनही अधिक, असा खर्च असतो, आणि तो नातेवाईक, जुने शिक्षक, गावच्या चर्चमधील वडीलधारी माणसे यांना पत्रे लिहून जमवावा असा रिवाज आहे. शनिवारी लोकांच्या मोटारी धुऊन आणि घरी भाजलेले केक विकूनही थोडीफार भर पडते. परदेशी पोचल्यावर शाळेची भिंत रंगवायची, घराचा पाया खणायचा, सकाळच्या वेळी मुलांना जमवून बायबलातील गोष्टी, गाणी, कागदकाम करायचे. भाषा येत नाही, म्हणून गोष्ट मूकनाट्याने सांगायची किंवा दुभाष्याच्या तोंडून. यजमान मंडळीतील बायका पहाटे उठून या पाहुण्यांचा स्वयंपाक करतात. शेवटच्या रात्री दोन्हीकडच्या डोळ्यांना पाणी येते, आणि ते खोटे नसते. परतल्यानंतरच्या रविवारी चर्चमध्ये छायाचित्रे दाखवून अनुभवकथन होते. त्यात, आम्ही द्यायला गेलो आणि अधिक घेऊन आलो, अशा अर्थाचे एक वाक्य हटकून येते. बोलणाऱ्याची नम्रता त्यात असते हे खरे; परंतु हिशेबाच्या दृष्टीनेही ते वाक्य बरेचसे खरे ठरते, आणि विचार करण्याजोगी गोष्ट तीच आहे.

हा प्रकार किरकोळ नव्हे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांच्या अंदाजाप्रमाणे २००५ या एका वर्षात अमेरिकेतील सुमारे १६ लाख माणसे अशा यात्रांवर परदेशी गेली. त्यांत सगळेच विद्यार्थी नव्हेत. पण या प्रथेचा उगम मात्र महाविद्यालयांत आहे, आणि त्या उगमाचा एक पाट थेट आपल्या मराठी मुलखातून वाहिला आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

१८०६ सालच्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी शेतात प्रार्थनेसाठी जमले असता वादळी पाऊस आला. गवताच्या गंजीच्या आडोशाला बसून त्यांनी परदेशी मिशनकार्याचा संकल्प केला. त्यातून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही संस्था निघाली आणि १८१२ मध्ये तिचे पहिले मिशनरी जहाजाने निघाले. त्यांत याच विल्यम्स कॉलेजचा पदवीधर गॉर्डन हॉल हा तरुण होता. कलकत्त्यास पोचायलाच पाच-साडेपाच महिने लागले. तेथे ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम फर्मावला. हॉल आणि त्याचा एक सहकारी तेथून निसटून १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले, आणि तेथेही हद्दपारीची टांगती तलवार दीर्घकाळ डोक्यावर राहिली. आल्याबरोबर हॉल काय करू लागला? मराठी शिकू लागला. पुढची तेरा वर्षे त्याने मराठीत प्रवचने केली, शाळा काढल्या, बायबलच्या मराठी भाषांतरात भाग घेतला. पुन्हा मायदेशी तो गेलाच नाही. १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडील दौऱ्यावर असताना पटकीने त्याचा अंत झाला.

हॉलच्या धर्मप्रसाराबद्दल कोणाचे काय मत असावे, हा प्रश्न येथे नाही. त्या पिढीतील मिशनऱ्यांनी आपल्या देवाधर्मांविषयी जे लिहिले त्यातील बराच भाग आज वाचवत नाही. पण ज्या लोकांना उपदेश करायचा त्यांची शिवी आणि ओवी दोन्ही कळली पाहिजेत, एवढे त्यांना पक्के उमगले होते. मोल्सवर्थसाहेबांचा कोश आजही ज्यांच्या कपाटात आहे, त्यांना परक्यांच्या त्या मराठी व्यासंगाबद्दल आम्ही अधिक सांगावयास नको.

दुसरा दुवा कोल्हापूरचा. रॉयल वाइल्डर हे मिशनरी अहमदनगराहून १८५२ मध्ये कोल्हापुरास आले. १८६३ साली तेथेच त्यांना रॉबर्ट हा मुलगा झाला. हा कोल्हापूरचा जन्माचा मुलगा पुढे प्रिन्स्टनला शिकला. १८८६ च्या उन्हाळ्यात माउंट हर्मन येथे सुमारे अडीचशे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे महिनाभराचे शिबिर भरले, त्यात रॉबर्टच्या खटपटीने शंभर जणांनी परदेशी मिशनरी होण्याच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या. त्यानंतर तो व त्याचा एक मित्र गावोगावच्या कॉलेजांतून फिरले. विद्यार्थी-स्वयंसेवकांची जी प्रचंड चळवळ त्यातून उभी राहिली, तिने पुढील काही दशकांत हजारो पदवीधर आशिया-आफ्रिकेत धाडले. त्यांची सही म्हणजे आयुष्याचा सौदा होता. आठ दिवसांची सोय त्यात नव्हती.

ती सोय विमानाने केली. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवास स्वस्त झाला, सुट्टीत जाऊन सुट्टीत परतणे शक्य झाले. १९५७ साली जॉर्ज व्हर्वर हा कॉलेजविद्यार्थी दोन मित्रांसह उन्हाळ्याच्या सुट्टीत धार्मिक पुस्तके घेऊन मेक्सिकोत गेला. त्यातून ऑपरेशन मोबिलायझेशन ही जगभर पसरलेली संघटना निघाली. १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी तरुणांना थोड्या मुदतीसाठी परदेशी पाठवणारी यूथ विथ अ मिशन ही संस्था स्थापली. बघता बघता मुदत वर्षावरून महिन्यावर आणि महिन्यावरून आठवड्यावर आली.

या प्रथेवर सर्वांत कठोर टीका केली ती कोणा नास्तिकाने नव्हे, एका कॅथॉलिक पाद्र्याने. इव्हान इलिच हे मेक्सिकोत क्वेर्नाव्हाका येथे संस्था चालवीत. १९६८ च्या एप्रिलमध्ये, उन्हाळ्यात मेक्सिकोत सेवेला जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शिकागोजवळ भरलेल्या परिषदेत त्यांना भाषणाला बोलावले होते. सरळ तोंडावर त्यांनी सांगितले की, या, पाहा, डोंगर चढा, अभ्यास करा, पण मदत करायला म्हणून येऊ नका. सेवाच करायची असेल तर आपल्याच देशात अशांमध्ये करा, ज्यांना तुम्हांला तोंडावर चालते व्हा म्हणता येईल आणि ज्यांचे ते म्हणणे तुम्हांला समजेल. बोलावलेल्या पाहुण्याने यजमानांना इतके खडसवावे, हे आपल्याकडच्या सत्कारसमारंभांना सरावलेल्या माणसास चमत्कारिक वाटेल. पण या उपदेशातील मर्म भाषेचे आहे. ज्याला आपला नकार समजत नाही, त्याला होकार देण्यावाचून गरिबाला दुसरे काय करता येते?

इलिच यांचे हे मत झाले. आकड्यांनी बोलणारा दाखला होंडुरासचा आहे. १९९८ च्या ऑक्टोबरअखेर मिच नावाच्या चक्रीवादळाने त्या लहानशा देशाची धूळधाण केली. हजारो माणसे दगावली, घरे वाहून गेली. उत्तर अमेरिकेतून मिशनचे जथ्थे घरे बांधावयास लोटले. कर्ट व्हर बीक हे तेव्हा मिशिगनच्या कॅल्व्हिन कॉलेजचे समाजशास्त्रज्ञ होते. स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती, होंडुरासमध्येच दीर्घकाळ राहणारे. त्यांनी पाहुण्यांनी बांधलेली आणि स्थानिकांनी बांधलेली घरे पडताळून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्थानिक संस्थेने बांधलेल्या घरास सुमारे २,००० डॉलर लागले होते. पाहुण्यांच्या घरास, त्यांचा प्रवासखर्च धरून, सुमारे ३०,००० डॉलर पडले. म्हणजे तेवढ्या पैशांत पंधरा घरे उठली असती, आणि ती बांधणाऱ्या होंडुरासच्या गवंड्यांना, सुतारांना त्या हलाखीच्या दिवसांत मजुरी मिळाली असती. घर कोणी बांधले यावरून राहणाऱ्या कुटुंबांच्या जीवनात काही फरक पडल्याचेही व्हर बीक यांना आढळले नाही.

यावर यात्रेचे समर्थक म्हणतात की घर हे निमित्त, खरा लाभ तरुणांच्या मनास होतो. गरिबी डोळ्यांनी पाहिलेला मुलगा जन्मभर उदार राहतो. हे म्हणणे आम्हांस एकदम उडवून लावता येत नाही. विशीतल्या मनावर काय ठसा उमटेल याचा नेम नसतो. पण तेही व्हर बीक यांनी तपासले. परतलेल्यांपैकी बहुतेकांना आपण बदललो असे मनापासून वाटत होते. प्रत्यक्षात त्यांच्या दानधर्मात टिकाऊ वाढ फारशी झालेली नव्हती. जथ्थ्याने परतल्यावर वर्षभर एकमेकांना धरून ठेवले, यजमानांशी पत्रव्यवहार राखला, तर बदल टिकतो, असे मात्र त्यांचे मत पडले. बांबूच्या काठीचा आधार काढला की रोप पुन्हा मूळ जागी वळते, तशातला हा प्रकार.

सरसकट निंदा करावी, असेही नाही. शल्यविशारदांचे पथक आठ दिवस येते, दुभंगलेले ओठ शिवून जाते. तेथे येणाऱ्याच्या हातात असे कौशल्य असते की जे गावात नाही. भिंत रंगवण्याचे कौशल्य मात्र होंडुरासमध्ये मुबलक आहे. आमचा सर्वाधिक आक्षेप अनाथाश्रमांच्या भेटींना आहे. आठ दिवस कडेवर घ्यायचे, लळा लावायचा आणि नवव्या दिवशी विमानात बसायचे. मग पुढच्या महिन्यात दुसरा जथ्था. आपल्या घरातील तीन वर्षांच्या पोराशी असा खेळ आपण कोणाला करू देऊ का?

आता राहिला वर्गणीच्या पत्राचा प्रश्न. नातवाच्या मित्राचे असे पत्र आले, तर परधर्माचे म्हणून ते केराच्या टोपलीत टाकू नये आणि मुलगा गोड आहे म्हणून डोळे मिटून धनादेशही लिहू नये. उलटटपाली त्याला विचारावे की, तिकडच्या कोणी तुम्हांला बोलावले आहे काय, आणि बोलावले तर कशासाठी. तुमच्यापैकी स्पॅनिश किती जणांना येते. आणि मागच्या वर्षी जे गेले होते त्यांची त्या गावाशी आज ओळख उरली आहे काय. उत्तर मनासारखे आले तर पैसे जरूर पाठवावेत. न आले, तर तीच रक्कम त्याच गावच्या गवंड्याला मजुरी म्हणून पोचवण्याची काही वाट तुझ्या चर्चकडे आहे का, एवढे विचारणारे दुसरे पत्र लिहावे.