कपाट असावे हाताच्या उंचीवर



थंडीची पहिली चाहूल लागली की एका विशिष्ट प्रकारचा रुग्ण माझ्याकडे हमखास येतो. रात्री सातपुड्याकडून गार वारा सुटतो. गोधडी माळ्यावर असते आणि मुलगा-सून झोपलेली असतात. ‘त्यांना कशाला उठवायचे?’ असे म्हणून आजी प्लास्टिकच्या स्टुलावर चढतात. पुढची हकिकत खुब्याच्या एक्स-रेमध्ये दिसते.

म्हणून या वेळी औषधांऐवजी कपाटाविषयी लिहितो आहे. हाड मोडल्यावरच्या खर्चापुढे कपाट लावण्याचा खर्च नगण्य आहे. नवे फर्निचरही घ्यावे लागत नाही.

नियम एकच लक्षात ठेवावा. रोज लागणारी प्रत्येक वस्तू आपल्या कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीतच असावी. हात खांद्याच्या वर नेताना मान मागे जाते आणि तोल सुटतो. फार वेळ खाली वाकून एकदम उठल्यास रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाची किंवा प्रोस्टेटची औषधे घेणाऱ्यांना हा त्रास अधिक संभवतो. खालच्या कप्प्यातले काही हवे असेल, तर खुर्चीवर बसून काढावे.

जड वस्तू सर्वांत खाली ठेवाव्यात, म्हणजे लोखंडी कपाट पुढे कलणार नाही. जमीन उंचसखल असेल, तर पायाखाली लाकडी पाचर ठोकून घ्यावी. उठताना कपाटाच्या दाराचा आधार कधीही घेऊ नये; दार हलते, त्यासोबत आपणही हलतो. कप्पे पाडण्यासाठी किराणा दुकानातले पुठ्ठ्याचे खोके आणि जुन्या साडीच्या पिशव्या पुरतात. टॉवेल आणि काठीसाठी भिंतीला दोन खुंट्या ठोकाव्यात. कपाटाच्या मुठीला एक छोटी बॅटरी अडकवून ठेवावी. मग माळ्याचे काय? होळीनंतर गोधड्या वर जाव्यात आणि दिवाळीआधी खाली याव्यात. हे काम घरातल्या तरुणांनी करावे.

औषधांसाठी वेगळा डबा करावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला टेकलेले लोखंडी कपाट चांगलेच तापते, त्यात औषधे ठेवू नयेत. गोळ्यांची पट्टी कापून ठेवली की मुदतीची तारीख अनेकदा कापलेल्या तुकड्यासोबत जाते, म्हणून पट्टी अखंड ठेवावी. कापूस-मिरचीच्या फवारणीचे औषध मात्र झोपण्याच्या खोलीत मुळीच नको, कपाटात नाही आणि खाटेखालीही नाही.

आता डांबरगोळ्यांविषयी. काहींच्या रक्तात जन्मतःच ‘जी-सिक्स-पी-डी’ नावाच्या विकराची कमतरता असते. आपल्या आदिवासी पट्ट्यातही ती आढळते, आणि बहुतेकांना स्वतःला तिची कल्पना नसते. अशा व्यक्तीच्या शरीरात डांबरगोळीतील नॅफ्थलीन गेल्यास तांबड्या पेशी झपाट्याने फुटू शकतात. सर्वाधिक धोका तान्ह्या बाळाला असतो. आजीच्या ट्रंकेतली मायेची गोधडी थेट बाळाभोवती गुंडाळली जाते आणि तिच्यात मुरलेला वास श्वासावाटे व त्वचेवाटे आत जातो. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा बाळ निस्तेज पडले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. डांबरगोळ्यांऐवजी कपड्यांना कडक ऊन द्यावे आणि पूर्ण वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून ठेवावा. ओला पाला ठेवल्यास बुरशी धरते.

एक पिशवी दर्शनी खुंटीला टांगावी. तिच्यात आधारकार्ड, आयुष्मान कार्ड, जुने तपासणी अहवाल आणि चालू औषधांची यादी असावी. मध्यरात्री १०८ ची रुग्णवाहिका दारात उभी असताना कागद शोधण्यात वेळ दवडता कामा नये.

शेवटी शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. आई-वडिलांचे कपाट त्यांच्या पाठीमागे आवरू नका. त्यांना खुर्चीवर बसवा, एकेक वस्तू हातात द्या आणि ‘ही कुठे ठेवू?’ असे विचारा. एखादे विटके लुगडे तुम्हाला अडगळ वाटेल; त्यांच्या दृष्टीने तो अर्धा संसार असेल. शिवाय ज्या वस्तूची जागा त्यांनी स्वतः ठरवली, ती अंधारातही त्यांच्या हाताला लागेल आणि स्टुलावर चढण्याची वेळ येणार नाही.

या पंधरवड्यात एवढे एक काम कराच.