गॅप घे म्हणणाऱ्यांनो

निपाणीला दिलेली माझी भाची बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला सहावा महिना चालू आहे. हजेरीत सवलत मिळेल का, हे विचारायला ती कॉलेजच्या ऑफिसात गेली. (कॉलेजचं नाव लिहीत नाही. सीमाभागातलं आहे, एवढं पुरे.) उत्तर मिळालं, "तसा नियम नाही. एक वर्ष गॅप घे." घरी सासूबाईही तेच म्हणाल्या. सासूबाईंचं मी समजू शकते, त्यांच्या वेळी मुलींना एवढंही विचारायची सोय नव्हती. पण ऑफिसातल्या त्या माणसाचं काय?

मी स्वतः वीस वर्षं सरकारी टेबलावर बसते. आम्हा कारकुनांचं एक गुपित आज फोडून टाकते. "नियम नाही" याचा अर्थ बहुतेक वेळा "नियम वाचलेला नाही" असा असतो. 14 डिसेंबर 2021 ला यूजीसीने सगळ्या विद्यापीठांना पत्र पाठवलं. एम.फिल., पीएच.डी.वाल्यांना 240 दिवसांपर्यंतची प्रसूती रजा 2016 च्या नियमांत होतीच. या पत्रात पदवीच्या आणि एम.ए.च्या मुलींनाही हजेरीत, परीक्षेचा फॉर्म भरायच्या मुदतीत सवलत देणारे नियम करा, असं स्पष्ट सांगितलंय. केरळात कोट्टायमच्या महात्मा गांधी विद्यापीठाने 2022 च्या डिसेंबरात पदवीच्या मुलींना 60 दिवसांची रजा देऊनही टाकली. आमच्या सीमाभागात ते पत्र कुठल्या फायलीत झोपलंय देव जाणे!

माझ्या मुलीच्या वेळी मला 180 दिवस मिळाले, तेही भरपगारी. भाची पगार मागत नाही, फक्त 75 टक्क्यांत थोडी सूट मागतेय.

कर्नाटकात 2023 पासून बायकांना सरकारी बस फुकट आहे. छान! पण पोटुशी मुलगी गर्दीत दांड्याला धरून उभी असते. 2017 मध्ये तिथल्या सरकारने मातृपूर्ण योजना आणली, गरोदर बाईने दुपारी अंगणवाडीत येऊन जेवायचं. दुपारी कॉलेजातली मुलगी कुठे असते, हे कुणी विचारलंच नाही. गरोदर बाई म्हणजे घरी बसलेली, असं धरूनच सगळं आखलेलं.

आणि सीमाप्रश्नावर भाषणं करणारे आपले पुढारी? 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. मायमराठीसाठी गळा काढणाऱ्या किती जणांनी माय होणाऱ्या मराठी मुलीसाठी विद्यापीठाला एखादा अर्ज दिला?

माझी भाची निदान लग्न झालेली आहे. तिची मावशी आहे, नवराही समजूतदार आहे. लग्न न झालेली मुलगी या ऑफिसात पाऊल तरी टाकेल का? जोतिराव-सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तिथे संकटात पडलेल्या विधवेची नाव न फुटता सुटका होत असे. आज आमच्या कॉलेजांत तिला दार लावून बोलता येईल अशी एक खोली नाही.

असो. भाचीचा अर्ज मीच लिहून दिलाय, यूजीसीचं पत्र जोडून, प्रत कुलसचिवांना. आणि तिला बजावलंय, आवक क्रमांक हातात पडल्याशिवाय खुर्चीवरून उठू नकोस.